बॉर्डर आपल्या खिशात!

युद्ध म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बर्फाचे डोंगर, काटेरी तारा, खंदकातला जवान आणि कानठळ्या बसवत डोक्यावरून जाणारं विमान. उरलेली भर हिंदी सिनेमाने घातलेली. सोलापूरकरालाही हे सगळं दिसतं, पण लांबून. साहजिकच आहे. पाकिस्तानची जवळात जवळची हद्द इथून साधारण हजार किलोमीटर. चीनची त्याहूनही लांब.

आणि विमानांचं म्हणाल, तर आमच्या गावाने विमानांपेक्षा चिमणीवर जास्त चर्चा केली आहे. होटगी रोडच्या विमानतळाजवळ सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी उभी होती. ती विमानाच्या वाटेत येते की नाही, ती पाडायची की ठेवायची, यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या, मोर्चे, आंदोलनं झाली. 15 जून 2023 ला चिमणी पडली. 9 जून 2025 ला गोव्याची विमानसेवा सुरू झाली. 'एअर पॉवर' या विषयातला आमचा अनुभव एवढाच!

त्यामुळे 7 मे 2025 ला देशभर मॉक ड्रिल होणार अशी बातमी आली, तेव्हा सोलापूर निवांत होतं. महाराष्ट्रातल्या 16 ठिकाणांची यादी होती. मुंबई, उरण, तारापूर, पुणे, नाशिक, मनमाड, भुसावळ... सोलापूर नाही. शाळेतल्या एका मित्राने आमच्या ग्रुपवर लगेच टाकलं, "आपल्याला कोण विचारतंय बे?" वर तीन हसरे चेहरे.

मी सोलापूरची. नोकरी पुण्यात आणि शनिवार-रविवार जमेल तसा हुतात्मा एक्स्प्रेसने घरी. त्या आठवड्यानंतर मी या विषयावर जेवढं मिळेल तेवढं वाचलं. आणि माझ्या लक्षात आलं की आमचं गाव यादीत नसलं, तरी नकाशावर आहे. आणि तुम्ही-आम्ही, म्हणजे रोज सकाळी मेल उघडून दिवस सुरू करणारी मंडळी, आपण तर अगदी पुढच्या रांगेत आहोत. कसं, ते सांगते.

आकाशात काय झालं?

आधी थोडी उजळणी. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला दहशतवाद्यांनी 26 जणांना मारलं. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. 7 मेच्या पहाटे एक वाजून पाच मिनिटांपासून दीडपर्यंत, म्हणजे 25 मिनिटांत, भारताने पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या नऊ ठिकाणांवर हल्ले केले. ऑपरेशन सिंदूर. पुढचे चार दिवस दोन्ही बाजूंनी विमानं, क्षेपणास्त्रं आणि ड्रोन वापरली गेली. 10 मे ला भारताने पाकिस्तानचे 11 हवाई तळ आणि लष्करी ठिकाणं लक्ष्य केली आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता शस्त्रसंधी झाली.

कुणाची किती विमानं पडली, यावर दोन्ही देशांचे आकडे जुळत नाहीत. आपली काही विमानं पडली, हे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी 31 मे ला सिंगापूरमध्ये मान्य केलं. संख्या सांगितली नाही, मात्र पाकिस्तानचा सहा विमानांचा दावा खोडून काढला. पुढे ऑगस्टमध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडल्याचं सांगितलं. पाकिस्तानने ते नाकारलं. हा स्कोअरबोर्ड आपण बाजूला ठेवू. मला जास्त इंटरेस्टिंग वाटली ती 8 मेची रात्र.

त्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत 36 ठिकाणी मिळून 300 ते 400 ड्रोन आले, असं सरकारने दुसऱ्या दिवशी सांगितलं. एवढे ड्रोन कशासाठी? आपली हवाई संरक्षण यंत्रणा चाचपून पाहायची आणि माहिती गोळा करायची, असं ब्रीफिंगमध्ये सांगितलं गेलं.

याचा फंडा सिंपल आहे. रडार जोपर्यंत बंद असतं, तोपर्यंत शत्रूला ते कुठे आहे ते कळत नाही. आकाशात काही आलं की ते सुरू करावं लागतं. सुरू झालं की त्याच्या लहरी बाहेर जातात आणि ऐकणाऱ्याला पत्ता मिळतो. शिवाय स्वस्तातल्या ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र खर्च झालं, तर समोरच्याचा फायदाच. म्हणजे तो ड्रोन काही तरी फोडायला येतोच असं नाही. कधी कधी तो फक्त तुम्हाला मान वर करून बघायला लावण्यासाठी येतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या बाजूने याला तोंड दिलं ते एका नेटवर्कने. हवाई दलाची एक यंत्रणा आहे, ठिकठिकाणच्या रडारचं चित्र एकत्र जोडणारी. जम्मूच्या रडारला काय दिसतंय ते दुसरीकडच्या कमांडरलाही त्याच क्षणी दिसतं. मग कुठला ड्रोन तोफेने पाडायचा, कुठला जॅम करायचा आणि कुठल्यावर क्षेपणास्त्र सोडायचं, ते ठरतं. म्हणजे बघा, नाशिकजवळच्या ओझरला बनलेलं सुखोई असो की रशियाकडून घेतलेली एस-400 असो, त्यांची ताकद शेवटी त्यांना जोडणाऱ्या वायरींमध्ये आहे. एअर पॉवर आणि सायबर हे दोन वेगळे विषय उरलेलेच नाहीत. आकाशातलं युद्ध जिंकायचं तर जमिनीवरचं नेटवर्क शाबूत लागतं. आणि नेटवर्क मोडायला विमानच लागतं असं नाही.

आणि खाली, मोबाइलमध्ये...

10 मेचा शनिवार. सकाळी मोबाइल बघते तर फॅमिली ग्रुपवर मावशीचा फॉरवर्ड. 'पाकिस्तानच्या सायबर हल्ल्यामुळे भारताची 70 टक्के वीज यंत्रणा बंद पडली आहे. मोबाइल चार्ज करून ठेवा. सगळ्यांना पाठवा.' त्याच्या खाली दुसरा, एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार म्हणून.

मी घरी फोन लावला. मागे पंख्याचा आवाज येत होता. म्हटलं, "आई, लाईट आहे ना गं?"

"आहे की."

"मग काय करतेयस?"

"पिंप भरून ठेवतेय. अगं, खरं असू दे नाही तर खोटं. लाईट गेली तर उजनीची मोटर बंद. मग पाण्याचा दिवस गेला आपला."

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी इथे एक तळटीप द्यायला हवी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, हे आमचं फार जुनं दुखणं. उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर. तिथून पाणी पंपाने उचलून पाइपमधून गावापर्यंत आणायचं. तिकडे वीज गेली आणि पंप काही तास थांबले की इथलं वेळापत्रक एक दिवस पुढे. त्यामुळे 'वीज बंद' या दोन शब्दांचा अर्थ मुंबईत लिफ्ट बंद असा होतो, पुण्यात वायफाय बंद, आणि सोलापुरात पाणी बंद. आईने केलं ते शहाणपणच होतं.

पण विचार करा. त्या एका मेसेजने त्या सकाळी किती घरांतली पिंपं भरली असतील, किती जण एटीएमच्या रांगेत गेले असतील, किती जणांनी पेट्रोलची टाकी फुल केली असेल. पत्र सूचना कार्यालयाच्या, म्हणजे पीआयबीच्या फॅक्ट चेकने 70 टक्क्यांचा दावा त्याच दिवशी खोटा ठरवला. एटीएमचाही. पण खुलासा चालत येतो आणि अफवा हुतात्मा एक्स्प्रेस पकडून!

आता मघाचं वाक्य आठवा. मान वर करून बघायला लावणारा ड्रोन आणि पिंप भरायला लावणारा फॉरवर्ड, दोघांचं काम एकच. समोरच्याचं लक्ष, वेळ आणि शांतता खर्च करायला लावणं. आणि हे काम फालतू नाही बरं का. जनरल चौहान यांनी सिंगापूरच्या शांग्री-ला परिषदेत सांगितलं की ऑपरेशन सिंदूरच्या काळात सैन्याचा जवळजवळ 15 टक्के वेळ खोट्या माहितीला उत्तरं देण्यात गेला. 15 टक्के! ज्यांनी आकाशाकडे बघायचं, त्यांना मोबाइलकडे बघत बसावं लागलं. तो वेळ शत्रूने एकही विमान न उडवता मिळवला. आणि त्यातले बरेच फॉरवर्ड आपण पाठवले होते, फुकटात, आपल्याच डेटा पॅकवर.

सोलापूरची तार

गंमत अशी, की ज्या ग्रिडबद्दल ती अफवा होती, त्याच्या इतिहासात सोलापूरचं नाव ठळक अक्षरांत आहे. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. तुम्हालाही शिकवलं नसेल.

31 डिसेंबर 2013. सगळे थर्टी फर्स्टच्या मूडमध्ये असताना सोलापूर ते रायचूर ही 765 किलोव्होल्टची, 208 किलोमीटर लांबीची वीजवाहिनी सुरू झाली. तोपर्यंत दक्षिण भारताचं ग्रिड उरलेल्या देशापासून वेगळं नांदत होतं. वीज इकडून तिकडे जायची, नाही असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणी एसीची डीसी आणि परत एसी करून ती पाठवली जायची. पण दोन्हीकडची लय वेगळी होती. या तारेने ती जोडली. त्या रात्रीपासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर, 50 हर्ट्झच्या आसपास, धडधडतो. 'एक देश, एक ग्रिड' ही घोषणा पूर्ण झाली ती आमच्या सोलापुरात!

याचा फायदा मोठा आहे. जिथे वीज कमी तिथे दुसरीकडून आणता येते. पण एकत्र कुटुंबासारखा त्याचा तोटाही आहे. एकाला ताप आला की सगळ्यांना जपावं लागतं. जुलै 2012 मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं ग्रिड कोसळलं आणि सुमारे 60 कोटी लोक राहत असलेला भाग अंधारात गेला. तो सायबर हल्ला नव्हता, तारांवर भार जास्त झाला होता. दक्षिणेला तेव्हा काही झालं नाही, कारण ती वेगळी होती. आता ती वेगळी नाही. म्हणूनच मागणी, पुरवठा आणि फ्रिक्वेन्सी यांच्यावर चोवीस तास नजर ठेवणारी भारप्रेषण केंद्रं देशासाठी रडारइतकीच मोलाची आहेत. त्यात सोलापूरजवळ आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचा 1320 मेगावॉटचा प्रकल्प आहे, तोही उजनीच्याच पाण्यावर. म्हणजे पाण्याला वीज लागते आणि विजेला पाणी. अशा गावाला "आपल्याला कोण विचारतंय" म्हणायची सोय नाही.

आणि हे कळलं की अफवाही पकडता येते. समजा खरोखरच देशातली 70 टक्के वीज यंत्रणा एकदम गेली असती, तर उरलेल्या 30 टक्क्यांना तो धक्का पेलणं फार अवघड होतं. एका लयीत चालणारं सगळं ग्रिड भराभर कोलमडलं असतं. तुमच्या सोसायटीत, ऑफिसात, सिग्नलवर, रेल्वेत, सगळीकडे ते काही मिनिटांत दिसलं असतं. पंख्याखाली बसून, राउटरच्या वायफायवर 'वीज गेली' हा मेसेज वाचणं, यातच त्याचं उत्तर होतं.

पण खरंच होऊ शकतं का?

तुम्ही म्हणाल, मग हे सगळं बोगसच का? नाही हो. इथेच तर डोक्याला शॉट आहे. 70 टक्क्यांची गोष्ट खोटी होती, पण वीज यंत्रणेवरचे सायबर हल्ले ही काल्पनिक गोष्ट नाही.

23 डिसेंबर 2015, युक्रेन. शेजारच्या रशियाशी आधीच वैर. तिथल्या तीन वीज कंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर बसलेले आणि स्क्रीनवरचा माउसचा बाण आपोआप हलायला लागला. त्यांच्या डोळ्यांदेखत तो एकेक ब्रेकर बंद करत गेला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, ऐन हिवाळ्यात. कॉल सेंटरवर खोट्या कॉल्सचा भडिमार केला, म्हणजे खऱ्या ग्राहकांचे फोन लागू नयेत. एक ते सहा तासांत वीज परत आली, तीही माणसांनी हाताने ब्रेकर जोडून. या सगळ्याची सुरुवात कुठे झाली होती? काही महिने आधी ऑफिसच्या मेलवर आलेल्या एका अटॅचमेंटमध्ये. कुणीतरी उघडलं. बास.

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्याच पहाटे उपग्रहावरून इंटरनेट देणारे हजारो मोडेम निकामी करण्यात आले. त्याचा फटका पार जर्मनीला बसला. तिथल्या 5,800 पवनचक्क्यांशी दूरसंपर्क तुटला. बॉम्बचा खड्डा पडतो तिथेच राहतो. व्हायरसला हद्द कळत नाही.

आणि आपली मुंबई? 12 ऑक्टोबर 2020 आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास वीज गेली, लोकल थांबल्या, वर्क फ्रॉम होमवाल्यांचे लॅपटॉप एकेक करून मान टाकायला लागले. गलवानच्या चकमकीला तेव्हा चारच महिने झाले होते. 28 फेब्रुवारी 2021 ला 'रेकॉर्डेड फ्युचर' या अमेरिकन कंपनीने अहवाल दिला की चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांना लक्ष्य केलं, त्यात पाचपैकी चार प्रादेशिक भारप्रेषण केंद्रं होती. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता सांगितली. 14 ट्रोजन, 8 जीबी डेटा असे आकडेही आले. तर केंद्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, वीज मानवी चुकीमुळे गेली, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. चीनने आरोप फेटाळले.

दोन सरकारं, दोन उत्तरं. मला यात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते. लढाऊ विमान पडलं तर अवशेष मिळतात, फोटो येतात. सायबरमध्ये हल्ला झाला होता की ब्रेकर बिघडला होता, यावरच वाद होतो. आणि हा संशयसुद्धा शत्रूच्या कामाचा असतो. म्हणजे दर वेळी लाईट गेली की आपण ट्रान्सफॉर्मरकडे बघायच्या आधी सीमेकडे बघणार. थोडक्यात, पुन्हा मान वर!

'प्लीज सी अटॅचमेंट'

महाराष्ट्र सायबरने मे 2025 मध्ये 'रोड ऑफ सिंदूर' नावाचा अहवाल तयार केला. त्यानुसार पहलगामनंतर भारतातल्या वेबसाइट्स आणि यंत्रणांवर सुमारे 15 लाख सायबर हल्ले झाले. त्यातले यशस्वी किती? 150. म्हणजे दहा हजारांत एक. सात गट यामागे असल्याचं अहवाल सांगतो. पाकिस्तानबरोबरच बांगलादेश, इंडोनेशिया, मोरोक्को अशा देशांतूनही हे हल्ले झाले. शस्त्रसंधीनंतर ते कमी झाले, थांबले नाहीत.

आता जे यशस्वी झाले त्यातलं एक नाव ऐका. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची वेबसाइट! दिल्लीतलं मुख्यालय नाही, अणुभट्टी नाही. आपली साधी नगरपरिषद. विमानतळाचा डेटा पळवला, निवडणूक आयोगाची साइट हॅक केली, हे मोठेमोठे दावे अधिकाऱ्यांनी खोटे असल्याचं सांगितलं. लागलं ते जिथे कुणाचं लक्ष नव्हतं तिथे. घराचा पुढचा दरवाजा मजबूत असला की चोर मागच्या खिडकीकडे जातो, त्यातलाच प्रकार. मॉक ड्रिलच्या यादीत नसलेल्या गावांनी हे जरा मनावर घ्यावं.

आणि खिडकी उघडी कोण ठेवतं? पुण्याच्या क्विक हील कंपनीची 'सेक्राइट लॅब्ज' आहे. पहलगामनंतर काही दिवसांतच त्यांनी सावध केलं, की पाकिस्तानशी जोडला जाणारा 'एपीटी 36' हा गट सरकारी कर्मचाऱ्यांना फाइली पाठवतोय. फाइलचं नाव काय, तर पहलगाम हल्ल्यावरचा सरकारी अहवाल! उघडलं की आत 'क्रिमसन रॅट'. रॅट म्हणजे उंदीरच समजा. एकदा बिळात शिरला की बाहेरचा माणूस तुमचा कॉम्प्युटर लांबून चालवू शकतो, स्क्रीन बघू शकतो, फाइली नेऊ शकतो.

हा गट ज्या भावनेवर खेळला ती बघा. देश हळहळत होता. त्या फाइलवर क्लिक करणारा माणूस मूर्ख नव्हता, बेपर्वाही नव्हता. त्याला त्या 26 जणांचं काय झालं ते जाणून घ्यायचं होतं. त्याची देशाबद्दलची काळजी हेच आमिष होतं. फॉरवर्ड करणाऱ्या मावशीचंही तसंच. तिला आपल्या माणसांची काळजी होती, म्हणून तिने पाठवलं. आपण आळशी आहोत म्हणून फसत नाही, आपल्याला पर्वा असते म्हणून फसतो. म्हणून मावशीला ग्रुपवर झापणं हा काही उपाय नाही. तिला फोन करून दोन मिनिटं बोलणं हा आहे.

सो, करायचं काय?

टेन्शन नका घेऊ. कुणी तुम्हाला फायरवॉल लिहायला सांगत नाहीये. हे पाच फंडे पुरतात.

एक, दहा मिनिटांचा नियम. 'सगळ्यांना पाठवा' असं लिहिलेलं काहीही आलं की दहा मिनिटं काहीच करू नका. चहा घ्या. मग बघा, ही बातमी एखाद्या नावाजलेल्या वर्तमानपत्राने दिली आहे का, पीआयबी फॅक्ट चेकने काही म्हटलंय का. नसेल तर तो फॉरवर्ड तुमच्यापाशीच संपवा. चारशे ड्रोनमधला एक तुम्ही पाडलात असं समजा.

दोन, अटॅचमेंटला फोन लावा. म्हणजे पाठवणाऱ्याला. न मागितलेली फाइल आली आणि ती 'एनेबल कंटेंट' दाबा म्हणाली, तर दाबू नका. बॉसच्या नावाने आली असेल तर आधी बॉसला विचारा. "सर, तुम्ही पाठवलंय ना?" या प्रश्नाने कुणाचं अप्रेझल बिघडलेलं ऐकलं नाही.

तीन, डबल कुलूप. मेल, बँक, व्हॉट्सअॅप, सगळीकडे टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. ऑफिसचा पासवर्ड आणि सिनेमाच्या तिकिटाच्या साइटचा पासवर्ड एकच असेल तर आजच बदला. वेबसाइट सांभाळणं हे तुमचं काम असेल, तर अपडेट पुढे ढकलू नका. बदलापूर आठवा.

चार, रील आवरा. स्टेशनवर रणगाडे नेणारी मालगाडी दिसली, रस्त्यावर लष्कराचा ताफा दिसला, तर हात आपोआप मोबाइलकडे जातो. जाऊ देऊ नका. लष्करी हालचालींचं थेट चित्रण दाखवू नका, असं सरकारने एप्रिल आणि मे 2025 मध्ये बजावलं होतं. तुमच्या पन्नास लाइक्सच्या फोटोत जागा, वेळ आणि दिशा असते. त्या माहितीसाठी समोरच्याला एक ड्रोन पाठवावा लागला असता.

पाच, घरच्यांचे फोन बघा. सुट्टीला गावी गेलात की आई-बाबांचा मोबाइल दहा मिनिटं हातात घ्या. 'लग्नपत्रिका' म्हणून आलेली एपीके फाइल उघडायची नाही, हे त्यांना सांगा. आणि पैसे गेलेच, तर लगेच 1930 हा नंबर. सोलापूरकरांना तो पाठ करायची गरज नाही. 1930 हे आमच्या मार्शल लॉचं साल! इंग्रजांना आमच्या गावात लष्करी कायदा लावावा लागला होता ते. त्या लढ्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचं नावच त्या पुण्याच्या गाडीला दिलंय.

सोलापूरची चादर बघितली आहे ना? उभे धागे ताणलेले आणि आडवा धागा त्यांच्यातून फिरणारा. माग जोरात चालतो, पण एक धागा तुटला की कारागीर माग थांबवतो, गाठ मारतो आणि मगच पुढे जातो. त्या एका धाग्याकडे दुर्लक्ष केलं तर चादरीत भोक राहतं. देशाचं ग्रिड असंच विणलेलं आहे, हवाई दलाचं रडारचं जाळंही तसंच आणि आपल्या ऑफिसचं नेटवर्कही. सुखोई उडवणं आपलं काम नाही, ते ज्यांचं आहे ते करतातच. आपल्या हातात एकच धागा आहे, तो रोज खिशात घेऊन आपण फिरतो, आणि तो तुटू न देणं एवढंच काम आहे. पुढच्या वेळी यादीत आपल्या गावाचं नाव असो वा नसो, पहिली बेल तिथेच वाजणार आहे.